पिशवी घेण्याआधी: भडंग, मसाला, गूळ विकायला निघालेल्यांसाठी पातळ प्लास्टिक फिल्मची तोंडओळख

गेल्या जुलैत वहिनींनी भडंगाच्या साठ पिशव्या भरून ठेवल्या. चांगल्या जाड, गुळगुळीत, काचेसारख्या स्वच्छ पिशव्या होत्या आणि सीलही नीट लावलं होतं. आठव्या दिवशी एक काकी पिशवी घेऊन परत आल्या. "भडंग मऊ पडलंय बघा. शिळं दिलंसा काय?" शिळं नव्हतं. मी एक न फोडलेली पिशवी बादलीत पाण्याखाली दाबून धरली. एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे भोक नव्हतं, सील सुटलं नव्हतं, तरी आतलं भडंग सादळलं होतं.

वहिनींनी विचारलं, "मग ओल शिरली कुठनं?"

प्लास्टिकमधूनच शिरली.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पाण्याची धार अडवणारी पिशवी वाफ कशी सोडेल? पण पातळ फिल्म म्हणजे भिंत नव्हे. पॉलिथिनचे लांबच लांब रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले असतात. त्या गुंत्यात सतत बारीक हालचाल चालू असते आणि पाण्याच्या वाफेचा रेणू त्या फटींमधून एकेक पाऊल टाकत आत सरकतो. ऑक्सिजन, मसाल्याचा वास, तेलातले काही घटक यांचंही तसंच. प्रत्येक प्लास्टिक कोणाला तरी अडवतं आणि कोणाला तरी वाट देतं. पिशवी निवडायची म्हणजे कोणाला अडवायचं ते ठरवायचं.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फिल्म फुगवण्याच्या मशीनवर आठ वर्षं काढली. आता घरगुती माल विकणाऱ्या ओळखीच्या बायाबापड्यांना पिशवी निवडायला मदत करतो. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

पायरी १: आधी मालाचा शत्रू ओळखा

दुकानात जाऊन "चांगली पिशवी द्या" म्हणू नका. दुकानदार त्याच्याकडे जी पडून आहे ती देईल.

भडंगाचा पहिला शत्रू दमट हवा. दुसरा ऑक्सिजन, कारण त्यात तळलेले शेंगदाणे आणि तेल असतं. हवेने तेलाला खवट वास येतो. पहिला शत्रू आठवड्यात मारतो, दुसरा महिन्या-दोन महिन्यांत. म्हणून आठवड्यात संपणाऱ्या मालाला एक पिशवी आणि पुण्या-मुंबईला पाठवायच्या मालाला दुसरी.

कांदा-लसूण मसाल्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला वास आत ठेवायचा असतो, तेल बाहेर येऊ द्यायचं नसतं आणि तिखटाचा लाल रंग उजेडापासून वाचवायचा असतो. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पारदर्शक पाकिटातला मसाला विटकरी होत जातो, तो उजेडाने आणि हवेने.

गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पाघळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पावसाळी हवा मानांकन बघत नाही. गुळाच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. कोमट ढेप पिशवीत बंद केली की आतल्या आत घाम धरतो आणि बाहेरच्या हवेची गरजच उरत नाही. ढेप पूर्ण गार झाल्यावरच भरा.

आणि चप्पल. कोल्हापुरी चप्पल विकणारे कधीकधी चकचकीत दिसावं म्हणून ती हवाबंद फिल्ममध्ये गुंडाळतात. कातड्यात ओल असतेच. ती बाहेर जायला वाट नाही मिळाली की बुरशी धरते. तिथे भोकं पाडलेली पिशवी किंवा साधा कागद बरा.

पायरी २: फिल्म हाताने आणि कानाने ओळखा

बाजारात तोंडी नावं चालतात: एलडी, एचएम, पीपी, बीओपीपी, पेट. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा हाताला काय लागतं ते बघा. घरातच नमुने आहेत. दुधाची पिशवी, कपड्याच्या दुकानातली जुनी चुरचुरणारी पिशवी, बिस्किटाचं वेष्टन, वेफर्सचं पाकीट. एकेक तुकडा कापा, धुवा, वाळवा आणि टेबलावर मांडा.

दुधाच्या पिशवीचा तुकडा मुठीत चुरगाळा. आवाज जवळजवळ नाही. हाताला मेणचट. अंगठ्याने दाबत ताणला तर फाटायच्या आधी बराच लांबतो. ही एलडी, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनची फिल्म, बहुतेकदा तिच्या भावकीतल्या एलएलडीशी मिसळलेली. एलएलडीने ताकद आणि सीलची पकड वाढते.

एचएम ही उंच घनतेची पॉलिथिन. दुधाळ दिसते, हात लावला की कडकड वाजते, आणि एका दिशेने फाडली की सरळ रेघेत फाटत जाते. ती दिशा म्हणजे मशीनमधून फिल्म ज्या बाजूला ओढली गेली ती. आडव्या दिशेने फाडून बघा, वाट वाकडी होते. ऊस सोलताना तंतू एकाच बाजूला निघतात ना, तसंच. पाकिटाला फाडायची खूण कुठे पाडायची हे यावरून ठरतं.

पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, स्वच्छ, चकचकीत आणि एलडीपेक्षा कडक. बीओपीपी हीच पीपी, पण गरम असताना उभी साधारण पाच पट आणि आडवी आठ ते दहा पट ताणून गार केलेली. या ताणण्यामुळे ती काचेसारखी स्वच्छ आणि मजबूत होते. बीओपीपीचा अखंड तुकडा दोन हातांनी फाडायला जा, दमाल. मग कडेला नखाने बारीक चीर द्या आणि पुन्हा ओढा. सर्रकन फाटेल. पेटचंही (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, पॉलिएस्टर) तसंच, फक्त तिचा आवाज जास्त धातूसारखा आणि ताण जवळजवळ शून्य. वेफर्सच्या किंवा शाम्पूच्या पाकिटाच्या कडेला छोटी खाच किंवा करवतीसारखे दात असतात ते याचसाठी.

जाता जाता: पुष्पगुच्छाला गुंडाळतात त्या चकचकीत कागदाला आपण अजून "जिलेटिन पेपर" म्हणतो. त्यात जिलेटिन कधीच नव्हतं. मुळात ते सेलोफेन, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेली फिल्म. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडेनबर्गरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोधली. आज गुच्छाला असते ती बहुतेक बीओपीपी. नाव मात्र आजोबांच्या काळचं.

शंका उरली तर पाण्याची चाचणी करा. भांड्यात पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि तुकडा बोटाने पाण्याखाली नेऊन सोडा. एलडी, एचएम, पीपी, बीओपीपी वर येतात, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान. पेट १.३८ च्या पुढे, ती बुडते. नायलॉन आणि पीव्हीसीही बुडतात. दोन-तीन थर चिकटवलेलं लॅमिनेट असेल तर ते कोणता थर किती जाड यावर तरंगतं किंवा बुडतं, तिथे या चाचणीवर विसंबू नका.

जाळून वास घ्यायची चाचणी सगळे सांगतात. मी सांगत नाही. पीव्हीसी जळताना निघणारा आम्लाचा धूर घशात गेला की कळतं का ते. हात, कान आणि पाणी एवढ्यावर काम भागतं.

पायरी ३: जाडी स्वतः मोजा

इथे नव्या माणसाचे पैसे जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुने दुकानदार गेज म्हणतात. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, २०० गेज म्हणजे ५०. एवढं पाठ करा.

आता माझी फजिती. मशीनवरची नोकरी सोडल्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी पिशव्या आणल्या, २० बाय ३० सेंटिमीटरच्या, "७५ मायक्रॉन" म्हणून. घरी आल्यावर किलोभर पिशव्या मोजल्या तर २४० च्या आसपास भरल्या. ७५ मायक्रॉनच्या एलडीच्या त्या मापाच्या पिशव्या किलोत १२० बसायला हव्यात. परत जाऊन विचारलं तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "दोन्ही पदर मिळून पंच्याहत्तर." म्हणजे एकेक पदर साडेसदतीस! खोटं बोलला म्हणावं तर तसंही नाही. मीच विचारलं नव्हतं. आठ वर्षं फिल्म बनवणाऱ्या माणसाची ही कथा. तेव्हापासून पहिला प्रश्न हाच: एका पदराची जाडी किती?

मोजायच्या तीन पद्धती आहेत.

पहिली किलोतल्या नगांची. पिशवीची लांबी गुणिले रुंदी गुणिले दोन, हे सेंटिमीटरमध्ये. त्याला एका पदराच्या जाडीने, तीही सेंटिमीटरमध्ये, आणि ०.९२ ने गुणा. एका एलडी पिशवीचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. २० बाय ३० ची ५० मायक्रॉनची पिशवी: १२०० गुणिले ०.००५ गुणिले ०.९२, म्हणजे साडेपाच ग्रॅम. किलोत सुमारे १८० नग. जास्त भरले तर पिशवी पातळ आहे. दुकानातच मोबाईलवर हा हिशोब होतो.

दुसरी सोनाराच्या काट्याची. १० बाय १० सेंटिमीटरचे दहा तुकडे नीट कापा, पट्टी आणि कटरने, कात्रीने नको. एकत्र वजन करा. वजनाला दहाने गुणून घनतेने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. दहा तुकडे ४.६ ग्रॅम भरले आणि फिल्म एलडी असेल तर ४६ भागिले ०.९२, म्हणजे ५० मायक्रॉन. किराणा दुकानाच्या काट्यावर हे जमत नाही. एक तर गुजरीत कोणी ओळखीचा सराफ गाठा, नाहीतर ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. तो घेतलाच तर पुढच्या पायरीतही लागणार आहे.

तिसरी स्क्रू गेजची, म्हणजे मायक्रोमीटरची. कोल्हापुरात याची वानवा नाही. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याच्या खणात मायक्रोमीटर असतो. पण साध्या मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉनच, वाचता येतात. म्हणून एक पदर मोजू नका. पाच पिशव्या एकावर एक ठेवा, दहा पदर होतात. आलेल्या आकड्याला दहाने भागा. आणि लेथवाल्याला सांगा, लोखंडासारखा आवळू नको, फिल्म मऊ आहे, दबते. मागच्या रॅचेटने हलकेच फिरवायचं. पिशवीच्या मध्यावर आणि दोन्ही कडांना वेगवेगळं मोजा. फुगवलेल्या फिल्ममध्ये जाडी सगळीकडे सारखी नसते. मशीनच्या डायमधून गरम प्लास्टिकची नळी वर चढते आणि हवेने फुग्यासारखी फुलते, तिथे एका बाजूला गार वारा जास्त लागला तरी फरक पडतो. थोडा फरक चालतो. एका कडेला ५० आणि दुसऱ्या कडेला ३५ येत असेल तर तो रोल परत करा.

पायरी ४: जाड म्हणजे चांगली, हे डोक्यातून काढा

वहिनींची चूक इथेच झाली होती. त्यांनी जाड पिशवी घेतली, पण चुकीच्या जातीची.

फिल्ममधून वाफ किती जाते ते ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेला मोजतात, एका चौरस मीटरमधून एका दिवसात किती ग्रॅम असं. ५० मायक्रॉनची एलडी सुमारे ८ ते १० ग्रॅम जाऊ देते. २० मायक्रॉनची बीओपीपी ६ ते ७. २५ मायक्रॉनची एचएम ५ ते ६. म्हणजे निम्म्या किंवा त्याहून कमी जाडीची फिल्म जाड एलडीपेक्षा जास्त ओल अडवते. १२ मायक्रॉनच्या पेटवर ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा दिला, ज्याला बाजारात मेटलाइज्ड किंवा नुसतंच "सिल्व्हर" म्हणतात, तर आकडा १ च्या आसपास येतो.

आता वहिनींच्या भडंगाचा ढोबळ हिशोब. १५ बाय २० ची पिशवी, दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर. एलडी ५० मायक्रॉन असेल तर दिवसाला सुमारे अर्धा ग्रॅम पाणी आत. पण हा ३८ अंशांचा आकडा. आपल्याकडे जुलैत हवा २५ अंशांच्या आसपास असते, तिथे साधारण पाव ते तिसरा हिस्सा धरा, दिवसाला ०.१५ ग्रॅम. दहा दिवसांत दीड ग्रॅम. शंभर ग्रॅम भडंगात दीड ग्रॅम पाणी म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण दाताला लगेच कळतं.

ऑक्सिजनचं गणित उलटं आहे, आणि हीच या धंद्यातली सगळ्यात मजेदार गोष्ट. पॉलिथिन पाणी बऱ्यापैकी अडवते पण ऑक्सिजन मोकळा सोडते. २५ मायक्रॉनच्या एलडीतून चौरस मीटरमागे दिवसाला सात हजार घन सेंटिमीटरच्या घरात ऑक्सिजन जातो. १२ मायक्रॉनच्या साध्या पेटमधून शंभर-सव्वाशे. पण त्याच साध्या पेटमधून वाफ मात्र एलडीपेक्षा जास्त जाते. एकाचं जे बळ ती दुसऱ्याची उणीव. म्हणून दोघांचं लग्न लावतात: बाहेर पेट, आत एलडी. पेट वास आणि ऑक्सिजन अडवते, छपाई धरते. एलडी ओल अडवते आणि सील होते. मसाल्याच्या चांगल्या पाकिटाची कड कातरीने तिरपी कापून सोलून बघा, कधीकधी दोन थर नखाने सुटे होतात.

मसाल्यासाठी एक नाकाची चाचणी आहे. चार प्रकारच्या पिशव्यांमध्ये मसाला सील करा. प्रत्येक पिशवी वेगळ्या घासलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा. दोन दिवसांनी डबे उघडून हुंगा. एलडीचा डबा सांगायची गरज पडणार नाही. त्यातून जो वास तुमच्या नाकात आला तो गिऱ्हाइकाच्या रश्श्यातून गेला. बाहेर पेट असलेल्या पाकिटाचा डबा जवळपास बिनवासाचा निघाला पाहिजे. निघाला नाही तर सील तपासा.

पिशवीला पारदर्शक खिडकी ठेवायची हौस सगळ्यांना असते. माल दिसला की खपतो हे खरं. पण मेटलाइज्ड पाकिटाला खिडकी ठेवली की ओल आणि उजेड तिथून आत येणार. भडंगाला खिडकी छोटी ठेवा, तिखटाला ठेवूच नका असं माझं मत. वहिनी माझं ऐकत नाहीत.

पायरी ५: सील

बहुतेक पाकिटं फिल्ममुळे नाही, सीलमुळे फसतात.

पहिली गोष्ट, प्रत्येक फिल्म सील होत नाही. साधी बीओपीपी गरम पट्टीखाली धरली की आकसते आणि सुरकुतते. ताणून गार केलेले रेणू उष्णता मिळाली की पुन्हा मूळच्या जागी जायला बघतात. म्हणून सीलसाठी बीओपीपीवर आधी वितळणारा दुसरा पातळ थर दिलेला असतो. घेताना "सील होणारी बीओपीपी" असं स्पष्ट सांगा. पेट २५० अंशांच्या पुढे वितळते, ती घरच्या मशीनवर सील होणार नाही. तिच्या आतली एलडी मात्र ११० च्या आसपास वितळते, तीच चिकटते. पीपीला १६० च्या घरात जावं लागतं. म्हणून सीलरच्या उष्णतेची एलडीसाठी लावलेली खुंटी पीपीला चालत नाही.

सील म्हणजे तीन गोष्टींचा मेळ: उष्णता, वेळ, दाब. चौथी सगळे विसरतात, ती म्हणजे गार होणं. हाताने दाबायच्या सीलरवर दिवा विझला की लगेच हात उचलू नका. आणखी दोन सेकंद दाबून धरा. वितळलेली फिल्म त्या दोन सेकंदांत घट्ट होते. आधी उचललं तर आतली हवा तिला पुन्हा सोडवते.

खुंटीचा आकडा सांगून उपयोग नाही, मशीन वेगळं, वीज वेगळी. कमीपासून सुरुवात करा, प्रत्येक आकड्यावर दोन पिशव्या सील करा, गार होऊ द्या आणि हाताने ओढा. सील सोलून निघालं तर उष्णता कमी. सीलशेजारची फिल्म ताणली किंवा फाटली पण सील टिकलं तर आकडा बरोबर. पट्टी सुरकुतली, पिवळी पडली, कडेला सुईसारखी भोकं दिसली तर जास्त. बरोबर आकडा मशीनवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. सीलरवरचं टेफ्लॉनचं कापड जळून काळं पडलं असेल तर बदला. शंभरएक रुपयांच्या कापडापायी मालाची बोंब होऊ देऊ नका.

गळती बघायला दोन उपाय. रिकामी पिशवी हवेसकट सील करून बादलीत दाबायची, बुडबुडे बघायचे. त्याहून बारीक बघायचं तर सीलच्या आतल्या कडेला खायच्या रंगाच्या पाण्याचे चार थेंब टाका, त्यात साबणाचा एक थेंब. पाच मिनिटं पिशवी उलटी टांगा. रंगाची रेघ सीलमधून बाहेर आली की तिथे वाट आहे.

मसाला भरणाऱ्यांची खास अडचण म्हणजे सीलच्या जागी बसलेली भुकटी. मसाल्याचा एक कण म्हणजे एक बोगदा. रुंद नळीचं नरसाळं वापरा, नळी सीलच्या जागेखाली जाईल इतकी लांब. वर तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. हिवाळ्यात हा त्रास दुप्पट होतो, कारण डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते आणि फिल्मवर घासण्याने साचलेली स्थिर वीज निघून जात नाही. तिखट उडून पिशवीच्या तोंडाला चिकटतं, पिशव्या एकमेकींना सोडत नाहीत. भरायच्या खोलीत ओलं फडकं टांगा, पिशव्या भराभर घासून उघडू नका, मशीनला अर्थिंग आहे का ते बघून घ्या. पावसाळ्यात हा त्रास आपोआप जातो. तेवढंच पावसाचं एक सुख.

पायरी ६: राजाराम बंधाऱ्याची बातमी आली की परीक्षा लावा

दुकानदाराचा कागद, माझे आकडे, सगळं बाजूला ठेवा. तुमचा माल, तुमचं घर, आपला पाऊस.

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी येते त्या आठवड्यात हवा पुरेशी ओली असते. कोरडे चुरमुरे कढईत मंद आचेवर परतून पूर्ण गार करा. तीन-चार प्रकारच्या पिशव्यांत सारखे मोजून भरा, प्रत्येकीच्या तीन तीन. प्रत्येक पिशवीवर मार्करने नंबर घाला. शिवाय एक पिशवी पूर्ण उघडी ठेवा, तुलनेला. सगळ्या मागच्या पडवीत टांगा, ऊन आणि पावसाची थेट सर नको. रोज एकाच वेळेला खिशातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. काट्याची कमाल मर्यादा बघून भरा, बरेच काटे २०० ग्रॅमच्या पुढे जात नाहीत.

तीन दिवसांत चित्र दिसायला लागतं. पंधराव्या दिवशी पिशव्या फोडून खा, आणि घरातल्या लहान पोराला द्या, ते खोटं बोलत नाही. एकाच प्रकारच्या तीन पिशव्यांपैकी एकीचंच वजन भराभर वाढलं तर दोष फिल्मचा नाही, त्या एका सीलचा. तीन ठेवायचं कारण हेच.

पायरी ७: ठेवणं, चिकटवणं, आणि कायदा

पिशव्या पत्र्याच्या शेडमध्ये छपराखाली रचू नका. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने आणि वजनाने पदर एकमेकांना चिकटतात आणि उघडत नाहीत. खिडकीच्या उन्हात ठेवलेली साधी फिल्म काही महिन्यांत ठिसूळ होते. शेतातल्या पॉलिहाउसच्या फिल्ममध्ये अतिनील किरण सोसणारी द्रव्यं घातलेली असतात, आपल्या पिशवीत ती नसतात.

लेबल दुसऱ्या दिवशी सुटून पडत असेल तर गोंदाला शिव्या देऊ नका. पॉलिथिन आणि पीपीचा पृष्ठभाग मेणचट असतो, शाई-गोंद त्याला धरत नाही. म्हणून कारखान्यात एका बाजूवर विजेच्या ठिणग्यांची प्रक्रिया करतात. तिला कोरोना म्हणतात, त्या रोगाशी संबंध नाही. पाण्याचा थेंब दोन्ही बाजूंवर टाकून बघा. जिथे पसरतो ती प्रक्रिया केलेली बाजू, जिथे मण्यासारखा उभा राहतो ती कोरी. ही प्रक्रिया महिने जातील तशी उतरत जाते. जुना पडलेला रोल स्वस्तात मिळाला की छपाईवाला का कुरकुरतो ते यावरून कळेल.

खायच्या मालाला फूड ग्रेड फिल्मच घ्या. पॉलिथिनला आयएस १०१४६ आणि पीपीला आयएस १०९१० ही भारतीय मानकं लागतात, ती विक्रेत्याच्या कागदावर मागा. काळ्या, गडद रंगाच्या पुनर्वापरातल्या पिशव्या अन्नाला लावू नका. कॅरीबॅगचा विषय वेगळा आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, आणि देशपातळीवर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनखालची कॅरीबॅग चालत नाही. मालाचं सीलबंद पाकीट आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पिशवी या दोन गोष्टी कायद्याला सारख्या नाहीत, आणि दंडाची पावती आली की दोन्हींची गल्लत सगळ्यात महाग पडते.

आणि कृपा करून गरम तांबडा रस्सा किंवा मिसळीचा कट पातळ पिशवीत बांधून देऊ नका. एलडी ९० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि वरचा तेलाचा तवंग फिल्ममधली द्रव्यं पाण्यापेक्षा सहज ओढून घेतो. स्टीलचा डबा आणायला सांगा. आपल्याकडे रश्श्याला डबा घेऊन जाण्यात लाज कुणाला वाटत नाही.

पुढच्या वेळी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलात की असं विचारा: "भडंगासाठी हवी आहे, महिनाभर टिकायला पाहिजे. बाहेर मेटलाइज्ड पेट, आत एलडी. प्रत्येक थर किती मायक्रॉन, आणि एका पदराचा एकूण किती? फूड ग्रेडचा कागद आहे का? आधी वीस पिशव्या द्या, पैसे देतो, पंधरा दिवसांनी ऑर्डर सांगतो." वहिनी आता असंच विचारतात. एका दुकानदाराने परवा त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही कंपनीतनं आलाय काय?"